पाण्याकाठचे मच्छी हॉटेल : तापीकिनारी हा धंदा उभा राहील काय?

शिंदखेडा, दोंडाईचा, नरडाणा, शिरपूर या पट्ट्यातील आमचे बहुतेक मुस्लिम बांधव कापड, रेडिमेड, भांडी, फळफळावळ, भंगार, गॅरेज आणि शिलाईकाम अशा ठरावीक धंद्यांत आहेत. एका गल्लीत एकाने दुकान टाकले की वर्षभरात त्याच मालाची आणखी तीन दुकाने उभी राहतात. गिऱ्हाईक तेवढेच राहते आणि नफा वाटला जातो. त्यातच आता कापडाचे गिऱ्हाईक मोबाईलवर माल मागवू लागले आहे. शिकलेली मुले बापाच्या गल्ल्यावर बसायला तयार नाहीत आणि नोकरीही मिळत नाही. अशा वेळी नवीन तिजारत कोणती, हा प्रश्न घरोघरी आहे. आज आम्ही वाचक बंधूंपुढे अशाच एका धंद्याचा विचार मांडत आहोत. तो म्हणजे पाण्याच्या काठावरचे साधे मच्छी हॉटेल आणि त्याच्या शेजारी मुलाबाळांसाठी मोकळ्या हवेतील खेळ.

समुद्र नाही तेथे मच्छीचे हॉटेल कसे चालणार, असे कोणी म्हणेल. त्यासाठी आधी दोन ठिकाणांची माहिती घेऊ.

भिगवणचे उदाहरण

पुणे-सोलापूर महामार्गावर, पुण्यापासून सुमारे शंभर किलोमीटरवर, इंदापूर तालुक्यात भिगवण आहे. सोलापूरच्या चादरी-टॉवेलच्या बाजाराला पुण्यामार्गे जाणाऱ्या आमच्या व्यापाऱ्यांनी हे गाव पाहिलेले असेल. भीमा नदीवर उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याचे पाणी मागे भिगवणपर्यंत पसरले आणि गावेच्या गावे पाण्याखाली गेली. पण त्याच पाण्याने पुढे रोजगार दिला. जाळी टाकणारे आले, मासळीचा लिलाव सुरू झाला आणि लिलावाजवळच मच्छी खानावळी उभ्या राहिल्या. आज त्या रस्त्याने जाणारी मंडळी भिगवणला मुद्दाम थांबून मासे खातात. तेथे मुख्य मासा चिलापी, म्हणजे तळ्यातला स्वस्त मासा. त्याला काटे कमी असल्याने लहान मुलेही खातात. सोबत भाकरी, रस्सा, भात आणि कांदा. ताटात याहून जास्त थाट नाही.

हिवाळ्यात तेथे रोहित पक्षी, ज्याला फ्लेमिंगो म्हणतात, मोठ्या संख्येने येतात. शेजारच्या कुंभारगाव, डिकसळ या गावांचे मच्छीमार आपल्या होडीतून पाहुण्यांना पक्षी दाखवतात आणि दुपारी मासळीचे जेवण देतात. जो माणूस पूर्वी फक्त मासे विकत होता, तो आता मासे, होडीची फेरी आणि जेवण असे तिन्ही विकतो. समुद्र तेथून कितीतरी दूर आहे. त्यामुळे मच्छीच्या हॉटेलला खारे पाणी लागत नाही. ताजा माल, चालता रस्ता आणि लोकांना दोन घटका बसावेसे वाटेल अशी जागा, एवढे लागते.

माहीमचे उदाहरण

दुसरे ठिकाण मुंबईचे माहीम. मंगळदास मार्केट, मुळजी जेठा मार्केट येथे खरेदीला जाणारे आमचे व्यापारी माहीमला हजरत मखदूम अली माहीमी यांच्या दर्ग्यावर हजेरी देऊन येतात. चौदाव्या-पंधराव्या शतकातील हे थोर आलिम कोकणी मुसलमानांचे भूषण आहेत. डिसेंबरात भरणाऱ्या माहीमच्या मेळ्यात पाळणे, खेळ आणि खाऊ यांची रेलचेल असते, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच माहीमच्या कोळीवाड्यात, समुद्राच्या काठावर, मुंबई महापालिकेने २०२३ मध्ये ‘सी फूड प्लाझा’ सुरू केला. तेथील स्टॉल कोळी महिलांच्या बचत गटांनी चालवायला घेतले. बोंबील, सुरमई, कोळंबी आणि तांदळाची भाकरी, आणि समोर वांद्रे-वरळी सागरी सेतू. मोठ्या हॉटेलात ज्या देखाव्यासाठी हजारो रुपये मोजावे लागतात, तो येथे खुर्चीवर बसून साध्या ताटाबरोबर मिळतो.

या दोन्ही ठिकाणी मासे पकडणाऱ्या घरातलाच माणूस ताटापर्यंत आला आहे. मधला दलाल कमी झाला की ताट स्वस्त होते आणि पकडणाऱ्यालाही दोन पैसे जास्त राहतात. आमच्याकडे हा धंदा करणाऱ्याने ही गोष्ट प्रथम ध्यानात ठेवावी.

आपल्या तालुक्यातील पाणी

आता आपल्या भागाकडे वळू. सातपुड्यातील मुलताईजवळ उगम पावणारी तापी ७२४ किलोमीटर वाहत सुरतजवळ समुद्राला मिळते. आपल्या तालुक्याच्या उत्तरेला तिचा काठ आहे. मुडावदला पांझरा तिला येऊन मिळते. सुलवाडे येथे बॅरेज झाले, पलीकडे शहादा तालुक्यात सारंगखेडा आणि प्रकाशा येथेही झाले. या बॅरेजमुळे पूर्वी हिवाळ्यानंतर वाळवंट दिसणाऱ्या पात्रात आता पाणी साठते. रोहू, कटला, मृगल, वाम, मरळ, शिंगाडा असे मासे येथील बाजारात येतात. भोई, कोळी आणि भिल्ल बांधव पिढ्यान्‌पिढ्या ही मासेमारी करीत आले आहेत.

रस्त्याचेही तसेच आहे. मुंबई-आग्रा महामार्ग नरडाणा आणि शिरपूर यांच्या दरम्यान तापी ओलांडतो. इंदूरकडे जाणारी कुटुंबे, ट्रकवाले, नरडाणा औद्योगिक वसाहतीत येणारे-जाणारे लोक या रस्त्याने जातात. दुसरा रस्ता दोंडाईचा-शहादा, तो सारंगखेड्याजवळ नदी ओलांडतो. दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. घोडे घेऊन येणाऱ्यांत आपले बांधवही पुष्कळ असतात. पाणी, मासे आणि रस्ता हे तिन्ही आपल्याकडे आहेत. यांना एकत्र आणणारा मनुष्य हवा आहे.

मासा म्हणजे कापड नव्हे

आम्ही कापडवाले आहोत, म्हणून फरक स्पष्ट सांगतो. साडी आज विकली गेली नाही तर दिवाळीला विकली जाईल, नाही तर सेलमध्ये जाईल. मासा उद्या विकला जात नाही. हिशेब असा मांडून पाहा. समजा, वीस किलो रोहू १६० रुपये दराने घेतला, तर ३,२०० रुपये झाले. खवले, आतडे आणि डोके काढल्यावर समजा चौदा किलो उरला. दोनशे ग्रॅमची एक प्लेट धरली तर सत्तर प्लेटी झाल्या. प्लेटमागे मासा पडला सुमारे ४६ रुपयांना. पण सत्तरपैकी पन्नासच प्लेटी गेल्या आणि बाकी माल फेकावा लागला, तर तीच प्लेट ६४ रुपयांना पडली. तेल, मसाला, भाकरी, गॅस, बर्फ आणि मजुरी वेगळी. म्हणजे या धंद्यात नफा खरेदीत कमी आणि फेकण्यात जास्त जातो.

म्हणून मासा आधी तळून ठेवू नये. साफ करून, बर्फात ठेवून, गिऱ्हाईक बसल्यावरच मसाला लावून तव्यावर टाकावा. उन्हाळ्यात एक किलो माशाला एक किलो बर्फ धरावा. बर्फ वाचवणाऱ्याचा मासा जातो आणि माशाबरोबर नावही जाते. ताज्या माशाचा डोळा स्वच्छ आणि फुगीर, कल्ले लाल आणि अंग दाबल्यावर परत वर येणारे असते. सकाळच्या खरेदीला मालकाने स्वतः जावे, नोकरावर सोडू नये.

खेळ कशासाठी?

आता खेळांचा प्रश्न येतो. पुष्कळांना वाटते की खेळ म्हणजे शोभेची गोष्ट. आमचे मत निराळे आहे. ताजा मासा तळून, गरम भाकरी थापून ताट यायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. एवढा वेळ भुकेले मूल बसत नाही, बाप घड्याळ पाहतो आणि आचारी घाईत कच्चा मासा वाढतो. किंवा मालक आधीच तळून ठेवतो आणि वर सांगितलेले नुकसान ओढवून घेतो. शेजारी खेळायला जागा असेल तर हीच वीस मिनिटे गिऱ्हाईकाला थोडी वाटतात. जेवण झाल्यावरही कुटुंब अर्धा तास थांबते, चहा घेते, पुन्हा येण्याचे ठरवते. म्हणून खेळ हे मासा ताजा वाढता यावा याचेच साधन आहे.

खेळ महाग नकोत. दोन बांबूंना बांधलेली व्हॉलीबॉलची जाळी, बॅडमिंटनच्या चार रॅकेटी, लगोरी, विटी-दांडू, कडुनिंबाच्या सावलीत कॅरमचे दोन बोर्ड, जुन्या टायरचे झोके. खान्देशात आखाजीला घरोघर झोके बांधतात, माहेरवाशिणी झोक्यावर गाणी म्हणतात. बायामुलींच्या बसण्याच्या बाजूला दोन मजबूत झोके टाकले तर कोणत्याही समाजाच्या भगिनी आनंदाने बसतील. हिवाळ्यात घोड्यावर मुलांना फेरी देता येईल, कारण घोडेवाले आपल्याकडे आहेतच.

मात्र एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. आखाजीच्या दिवसांत आपल्याकडे पत्त्यांचा जुगार किती चालतो हे लपलेले नाही. हॉटेलात पत्ते ठेवू नयेत. कॅरमवर पैसे लावू देऊ नयेत. खेळाच्या साहित्याचे भाडे घ्या, ते तुमच्या मेहनतीचे आहे. पण हरणाऱ्याचे पैसे जिंकणाऱ्याला, असा प्रकार एकदा सुरू झाला की कुटुंबे येणे बंद होतात, पोलीस येणे सुरू होते आणि रोजीतली बरकत जाते. दारूचेही तसेच. पाण्याकाठच्या हॉटेलात बाटली घेऊन येणारे येणारच. पाटी पहिल्याच दिवशी लावावी आणि ती सर्वांना सारखी लागू करावी, पुढाऱ्यालाही. ‘येथे दारू चालत नाही’ ही पाटी धंदा बुडवेल असे सांगणारे भेटतील. पण बायकामुलांना घेऊन येणारा मनुष्य हीच पाटी शोधत असतो, आणि एका टेबलावर तो सहा माणसे आणतो.

हलालचा प्रश्न

माशाला जबह करावे लागत नाही. समुद्राची शिकार हलाल असल्याचे सूरह माइदामध्ये आले आहे. म्हणून मच्छीचे हॉटेल हे असे ठिकाण आहे की जेथे मुसलमान आणि इतर बांधव एकाच भांड्यातले निःशंकपणे खाऊ शकतात. तरी काही बारकावे पाळावेत. आपल्या खान्देशातील बहुतेक मुसलमान हनफी आहेत. हनफी मसलकाप्रमाणे पाण्यातील प्राण्यांपैकी मासाच हलाल, खेकडा नाही. कोळंबी म्हणजे झिंग्याबाबत उलमांमध्ये मतभेद आहेत. कोकणातील बांधव शाफई असल्याने त्यांच्याकडे याबाबतचे नियम वेगळे आहेत. कोकणचे पाहुणे आले म्हणून येथे खेकडा ठेवण्याची गरज नाही. ठेवायचाच तर तवा, कढई आणि तेल वेगळे ठेवावे.

दुसरा बारकावा बॅरेजच्या पाण्याशी संबंधित आहे. आपोआप मरून पाण्यावर तरंगलेला मासा हनफींकडे जायज नाही. उन्हाळ्यात पाणी आटले की असे मासे वर येतात आणि बाजारात स्वस्त मिळतात. दीनाच्या दृष्टीनेही तो घेऊ नये आणि आरोग्याच्या दृष्टीनेही नाही. येथे मसला आणि डॉक्टर दोघांचे मत एकच आहे.

भागीदारी कशी असावी

ज्याच्याकडे पैसा आहे त्याला मासे कळत नाहीत, आणि ज्याला मासे कळतात त्याच्याकडे पैसा नाही. यासाठी शरीयतने मुजारबतचा मार्ग दिलेला आहे. एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत. नफ्यातील वाटा आधी ठरवायचा, ठरावीक रक्कम नव्हे, तर हिस्सा. नुकसान झाले तर पैसा भांडवलवाल्याचा जातो आणि मेहनत करणाऱ्याची मेहनत जाते. यात ब्याज नाही. मात्र हे तोंडी ठेवू नये. स्टँपपेपरवर लिहावे, दोन साक्षीदार घ्यावेत. आमच्या समाजात किती भाऊ-भाऊ केवळ न लिहिलेल्या भागीदारीमुळे तुटले, हे प्रत्येक गावाला माहीत आहे.

मासे पकडणाऱ्यांशी नाते स्वच्छ असावे. तलाव आणि जलाशयातील मासेमारीचा हक्क साधारणपणे मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिला जातो. त्या संस्थेशी बोलून रोजचा दर ठरवावा आणि पैसे रोख, त्याच दिवशी द्यावेत. जो मनुष्य रात्रभर थंडीत जाळे धरून बसतो त्याला ‘पुढच्या बाजाराला देतो’ म्हणणे हे जुलमाचे आहे. शिवाय उधार घेणाऱ्याला तो चांगला मासा देत नाही, हेही व्यवहाराचे सत्य आहे. त्याच घरातील एखादी बाई भाकरी करायला, एखादा तरुण मासे साफ करायला ठेवला तर माल, कारागीर आणि शेजार असे तिन्ही आपले होतात.

जागा, कागद आणि धोका

नदीकाठची जागा घेताना घाई करू नये. सातबारा पाहावा. जागा खाजगी आहे की पाटबंधारे खात्याची, हे आधी पाहावे. पूररेषा कोठून जाते हे विचारावे. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानतात. भुसावळजवळच्या हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत. पावसाळ्यात ते उघडले की खाली तापीकाठच्या गावांना इशारा दिला जातो. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने सुरत शहर बुडाले होते. त्या वेळी कापड बाजारातील मालाचे काय झाले हे सुरतेशी व्यवहार असलेल्या व्यापाऱ्यांना सांगायला नको.

म्हणून येथे पक्के बांधकाम करू नये. गोव्यात किनाऱ्यावरचे शॅक पावसाळ्यानंतर बांबू-चटयांचे उभे करतात आणि पावसाळ्यापूर्वी काढून घेतात. महाराष्ट्र सरकारनेही २०२० मध्ये कोकणातील आठ किनाऱ्यांसाठी असे तात्पुरते शॅक उभारण्याचे धोरण मंजूर केले. तापीवरही हाच मार्ग योग्य. बांबू, ताडपत्री, लोखंडी टेबले, उचलता येणारी शेगडी. खर्च कमी आणि पुराची भीतीही कमी.

मांडणी अशी असावी की पाण्याकडे जेवणाची जागा, मध्ये स्वयंपाक आणि रस्त्याच्या बाजूला, कुंपण घालून, खेळाचे मैदान. मुलांचा चेंडू पाण्याकडे जाताच कामा नये. बॅरेजचे पाणी शांत दिसते, पण खोल असते. पाण्याच्या बाजूला जाळी, दोर आणि हवा भरलेल्या दोन ट्यूब कायम ठेवाव्यात. होडीची फेरी परवानगी आणि लाइफ जॅकेटशिवाय सुरू करू नये. एका घराचे मूल गेले तर हॉटेल तर बंद होईलच, पण ते दुःख कोणत्याही हिशेबात बसत नाही.

अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे लहान धंद्याला नोंदणी आणि मोठ्याला परवाना लागतो. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला घ्यावा. साध्या हॉटेलच्या बिलावर पाच टक्के जीएसटी असतो, नोंदणी केव्हा करावी हे आपल्या कर सल्लागाराला विचारावे. केंद्राने २०२० मध्ये सुरू केलेल्या मत्स्य संपदा योजनेत मासे विक्रीच्या केंद्रांनाही अनुदान ठेवले होते, सर्वसाधारण वर्गाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. सध्या कोणती योजना चालू आहे, हे धुळ्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन विचारावे. दलालामार्फत जाऊ नये. माशाची घाण नदीत टाकू नये. खड्ड्यात पुरल्यास शेताला उत्तम खत होते.

धंद्याचे दिवस

हा बारमाही धंदा नाही, हे आधीच समजून घ्यावे. पावसाळ्यात नदी आपली नसते. श्रावणात आपले हिंदू गिऱ्हाईक मांसाहार करीत नाही. सोमवार, गुरुवार, शनिवार आणि एकादशीलाही विक्री कमी राहते. त्या दिवशी माल कमी घ्यावा, शेवभाजी आणि वांग्याचे भरीत ठेवावे. रमजानमध्ये दिवसा बंद आणि इफ्तारनंतर सुरू. जुम्याला नमाजच्या वेळी बंद. खरी कमाई बुधवार, शुक्रवार संध्याकाळ आणि रविवारची. दिवाळीनंतर ते आखाजीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. उन्हाळ्यात दुपारी कोणी येणार नाही, संध्याकाळी पाचनंतर मात्र नदीचा वारा माणसाला ओढून आणतो.

जेवण आपल्याच मातीचे ठेवावे. मुंबईची नक्कल करू नये. शेंगदाणा तेलात तळलेला रोहू, काळ्या मसाल्याचा रस्सा, दोंडाईच्याच्या मिरचीचा ठेचा आणि गरम कळण्याची भाकरी हे ताट पुण्या-मुंबईच्या माणसाला दुसरीकडे मिळणार नाही. ज्यांना काट्यांची भीती वाटते त्यांच्यासाठी मरळ ठेवावा. तो महाग असला तरी त्याला काटे कमी असतात. हात धुण्याला साबण, स्वच्छ संडास, वजूला पाणी आणि नमाजला चटई एवढी सोय असली की दूरचा प्रवासीही वाट वाकडी करून येतो.

शेवटी आमच्या तरुण बांधवांना एवढेच सांगायचे आहे. मोठे भांडवल घेऊन उतरू नका. आधी एक हिवाळा, सहा टेबले, एक तवा, एक जाळी आणि दोन झोके एवढ्यावर करून पाहा. रोज रात्री किती किलो घेतला, किती विकला आणि किती फेकला हे वहीत लिहा. तीन महिन्यांनी ती वहीच सांगेल की पुढे जायचे की थांबायचे. वडीलधाऱ्यांनीही मुलाला ‘मच्छीवाला होतोस काय’ असे म्हणून खाली पाहायला लावू नये. हलाल रोजी कोणतीही हलकी नसते. नियत साफ, माल ताजा आणि हिशेब लिहिलेला असेल तर तापीचे पाणी आपल्या मुलांनाही रोजगार देईल, इन्शाअल्लाह.